कोच बदलला म्हणून संघ जिंकला का?

संशोधनाचा प्रश्न कुठेही सापडू शकतो. आज तो अमेरिकेतल्या कॉलेज आइस हॉकीत शोधू. बर्फावरची ही हॉकी आपल्याकडे फारसं कुणी बघत नाही. पण तिथे संघ हरायला लागला की आपल्या क्रिकेटसारखीच चर्चा सुरू होते: कोच जाणार का? मग येणार कोण? अशा अटकळी तपासायच्या कशा, ते दोन उदाहरणांवरून बघू.

पहिलं उदाहरण मिनेसोटा विद्यापीठाचं. १९७१-७२ च्या हंगामात संघाचे ८ विजय आणि २४ पराभव. १९७२ मध्ये हर्ब ब्रूक्स कोच म्हणून आले आणि १९७४ मध्ये हाच संघ राष्ट्रीय विजेता झाला. मग १९७६ आणि १९७९ मध्येही. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी वहीत लिहून टाकलं: "कोच बदलला, संघ सुधारला." झालं की संशोधन!

नाही झालं. आता बॉस्टन कॉलेज बघा. वीस वर्षं कोच असलेले लेन सेग्लार्स्की १९९२ मध्ये निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेले कोच दोनच वर्षं टिकले. १९९४ मध्ये माइक मिलबरी यांचं नाव जाहीर झालं आणि एकही सामना न होता त्यांनी पद सोडलं. मग आले जेरी यॉर्क. याआधी दुसऱ्या विद्यापीठाला, बोलिंग ग्रीनला, त्यांनी १९८४ मध्ये विजेतेपद मिळवून दिलं होतं. इथे मात्र पहिल्या हंगामात ११ विजय, २२ पराभव. दुसऱ्यात १६ आणि १७. तिसऱ्यात १५ आणि १९.

इथे जरा थांबा. समजा, तुम्ही १९९७ मध्ये आहात आणि पुढचं काहीच माहीत नाही. "बदला यांना" असं कुणी म्हटलं, तर त्याच्या हातात आकडे आहेत. तुम्ही काय उत्तर द्याल?

यॉर्क राहिले. पुढच्याच हंगामात, १९९८ मध्ये, संघ अंतिम सामन्यात पोहोचला आणि मिशिगनकडून जादा वेळेत हरला. २००१ मध्ये मात्र जिंकला. कॉलेजचं १९४९ नंतरचं हे पहिलं विजेतेपद. मग २००८, २०१०, २०१२. यॉर्क निवृत्त झाले ते थेट २०२२ मध्ये. गंमत म्हणजे, १९९८ मध्ये त्यांना हरवणाऱ्या मिशिगनचे कोच रेड बेरेन्सन यांचीही पहिली तीन वर्षं पराभवांचीच होती.

मग माझं वहीतलं वाक्य कुठे चुकलं?

एक, कोच बहुतेक वेळा संघ तळाला गेल्यावर बदलतात. तळातून वर यायला कधीकधी काहीच करावं लागत नाही. टोकाच्या मोजमापानंतरचं मोजमाप सरासरीकडे सरकतं, हे फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ मध्येच उंचीच्या आकड्यांवरून दाखवलं होतं. म्हणून तुलनेसाठी तितकेच हरलेले, पण कोच न बदललेले संघ हवेत. तोच आपला कंट्रोल ग्रुप.

दोन, परिणाम दिसायला वेळ लागतो. कॉलेजचा खेळाडू साधारण चार वर्षं खेळतो. म्हणजे नव्या कोचच्या पहिल्या हंगामांत बरेचसे खेळाडू आधीच्या कोचने निवडलेले असतात. त्या काळात आपण नक्की कुणाचं काम मोजतोय?

तीन, आणि इथे मी स्वतः पुन्हा घसरणार होतो: "धीर धरला की यश मिळतं" हा निष्कर्षही तितकाच कच्चा आहे. यॉर्क आणि बेरेन्सन आपल्याला आठवतात कारण ते पुढे जिंकले. धीर धरूनही न सुधारलेल्या संघांची गोष्ट कुणी सांगत नाही.

म्हणून जुन्या वर्तमानपत्रात "कोच जाणार" अशी बातमी सापडली, तर ती खरी ठरली की खोटी एवढंच बघू नका. त्या दिवशी लोकांना काय माहीत होतं आणि कशाची अपेक्षा होती, याचा तो पुरावा आहे. शेवट आपल्याला माहीत असतो, त्यांना नव्हता.

तुमच्या प्रस्तावातलं "क्ष बदललं म्हणून य सुधारलं" हे वाक्य शोधा आणि त्यापुढे लिहा: बदललं नसतं तर? उत्तर देता आलं नाही, तर तिथूनच कामाला लागा.