सीलियाडिनी
स्किपर फुलपाखरांच्या हेस्पेरिइडी कुलातील (→ लेपिडॉप्टेरा) उष्णकटिबंधीय उपकुल. डब्ल्यू. एच. एव्हान्स यांनी ते १९३७ मध्ये स्थापन केले. ही शाखा इतर स्किपरांपासून फार पूर्वी वेगळी झाल्याने कुलाच्या उत्क्रांतीच्या अभ्यासात तिला मोलाचे स्थान आहे. ओष्ठस्पर्शकाचा तिसरा खंड लांब, सडपातळ, उघडा व पुढे आलेला असतो; हीच खरी ओळख, पंखांचे रंग फसवे. प्रसार आफ्रिका, मादागास्कर, दक्षिण व आग्नेय आशिया ते ऑस्ट्रेलिया, अमेरिकेत अभाव. सीलियाडीस ही प्रजाती आफ्रिकेतील, तर हॅसोरा व बदामिया आशिया-ऑस्ट्रेलियातील. अळ्या द्विदलिकित वनस्पतींवर वाढतात. सह्याद्रीत हॅसोरा क्रोमस करंजावर (→ करंज), तर बदामिया एक्सक्लमेशनिस बेहड्यावर (→ बेहडा) वाढते. नंतरची जाती दक्षिण भारतात मोठ्या संख्येने स्थलांतर करते (→ फुलपाखरांचे स्थलांतर).