कोळशाचे ऋण

दिवाळीच्या दिवसांत घरोघर दिवे उजळतात आणि त्या उजेडात आपण जुनी माणसे, जुने सण आठवतो. पण हा उजेड ज्यांनी आपल्या दारी आणला, त्या जुन्या यंत्रांची आठवण सहसा कोणी काढीत नाही. ठाकुर्लीचे चोळा पॉवर हाऊस हे असेच एक विस्मरणात गेलेले नाव. त्याची हकीकत आज वाचकांपुढे ठेवीत आहे.

मी राहतो मुळशी तालुक्यातील मारुंजीस. वीज म्हटली की आमच्या तालुक्याला धरण आठवते. ते नवल नव्हे. १९२१ साली सेनापती बापटांनी मुळशीचा सत्याग्रह उभारला. तरीही धरण झाले, गावे पाण्याखाली गेली आणि १९२७ पासून ते पाणी कोकणात भिऱ्याला उतरून मुंबईसाठी वीज निर्माण करू लागले. पाण्याच्या विजेचा हा इतिहास आम्ही मुलांना सांगतो. परंतु त्याच सुमारास, घाटाच्या त्याच पायथ्याकडे, कोळशाच्या विजेचाही एक अध्याय लिहिला जात होता.

त्याचे मूळ बोरघाटात आहे. १८६३ मध्ये घाटातून आगगाडी सुरू झाली खरी, पण चढ सदतिसास एक. म्हणजे सदतीस फूट पुढे जावे, तेव्हा एक फूट वर चढावे. खंडाळ्याच्या अलीकडे तर गाडी एका जागी थांबे, इंजिन दुसऱ्या टोकाला लागे आणि मग उलट दिशेने पुढची चढण सुरू होई. वाफेच्या इंजिनांची दमछाक, बोगद्यांतील धूर आणि वाढती वाहतूक यांवर जी. आय. पी. रेल्वेने उपाय काढला तो विजेचा. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला अशी देशातील पहिली विजेची गाडी धावली. १९२९ साली विजेची तार पुण्यास पोहोचली. त्याच साली घाटात नवे बोगदे होऊन तो उलट फिरण्याचा खटाटोपही संपला.

या तारेत वीज भरण्यासाठी रेल्वेने १९२९ मध्ये कल्याणजवळ ठाकुर्लीला स्वतःचे वीजघर उभारले. जागा हेरलेली होती: कोळशाच्या वाघिणी थेट आत आणणारा लोहमार्ग शेजारीच आणि उल्हास नदीही जवळ.

आणि या उल्हासाची गंमत पाहा. मावळातील आंध्रा नदीचे पाणी खरे म्हणजे इंद्रायणीतून भीमेला जायचे. ते अडवून १९२२ पासून भिवपुरीच्या वीजघरात सोडले जाते आणि तेथून उल्हासात मिळते. देशावरचे पाणी असे कोकणात उतरते आणि कल्याणच्या बाजूने समुद्राला जाते.

कोळशाच्या वीजघराचे काम सांगायला सोपे, करायला कठीण. कोळसा जाळायचा, बॉयलरमध्ये पाण्याची वाफ करायची, त्या वाफेच्या दाबाने टर्बाइन फिरवायचे आणि त्याला जोडलेल्या जनित्रातून वीज काढायची. वापरलेली वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करायचे. जुन्या वीजघरांत कोळशातील उष्णतेचा जेमतेम चौथा हिस्सा विजेत उतरे; बाकीची धुराड्यातून आणि पाण्यातून निघून जाई. आपल्याकडील कोळशात राख फार, कित्येकदा तिसरा हिस्सा. ती रोज उपसावी लागे. शिवाय वीज काही कणगीत भरून ठेवता येत नाही. सकाळी गाड्या सुटण्याची वेळ झाली की मागणी एकदम चढणार, आणि थंड बॉयलर तापायला तासन्‌तास लागणार. म्हणून गावे झोपेत असताना कोणीतरी भट्टीशी जागे असलेच पाहिजे.

१ जून १९३० रोजी मुंबई-पुणे डेक्कन क्वीन सुरू झाली. तिचे कौतुक आजही होते आणि ते व्हावेच. मालगाड्या ओढणाऱ्या त्या काळच्या विजेच्या इंजिनांना लोक त्यांच्या चमत्कारिक आवाजावरून ‘खेकडा’ म्हणत. घाट उतरताना हे खेकडे आपल्या मोटारींतून उलट वीज तारेत परत देत. पण गाडीत चहा पिणाऱ्या किती प्रवाशांना ठाकुर्लीची धुराडी दिसली असतील?

पुढे काळ बदलला. १९५६ मध्ये तुर्भ्याचे औष्णिक केंद्र आले. १९६० मध्ये राज्याचे वीज मंडळ झाले. कोराडी, परळी, एकलहरे येथे मोठमोठे संच उभे राहिले. ठाकुर्लीचे वीजघर जुने झाले आणि १९८० नंतरच्या दशकात बंद पडले. २०१६ पर्यंत मुंबईच्या उपनगरी मार्गांवरून तो जुना दीड हजार व्होल्टचा डी. सी. प्रवाहही गेला. एकलहऱ्याचे १९८० च्या आगेमागे सुरू झालेले संचही आता पिकल्या पानांत जमा आहेत.

जुन्या वीजघरांचा धूर संपावा, असे कोणालाही वाटेल, मलाही वाटते. पण धूर गेला म्हणून ऋण जात नाही. मुळशीच्या शेतकऱ्याने जमीन दिली. ठाकुर्लीच्या कामगाराने भट्टीच्या धगीत आणि राखेत आपली उमेदीची वर्षे दिली. पहिल्याचे नाव इतिहासात थोडेतरी आले. दुसऱ्याचे आलेच नाही. आज मारुंजीवरून रात्री हिंजवडीच्या काचेच्या इमारती लखलखताना दिसतात. तो उजेड पाण्याचा की कोळशाचा की उन्हाचा, हे दिव्याकडे पाहून सांगता येत नाही. म्हणूनच ते आपण मुलांना सांगितले पाहिजे. फुकटचा उजेड एकच, सूर्याचा. आणि तोही तारेत भरायचा तर कोणाची तरी जमीन आणि कोणाचे तरी कष्ट लागतातच.