दृष्टीची ओंजळ

इंग्लंडांतील मँचेस्टर शहरीं ओवेन्स कॉलेजमध्यें विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स हे प्राध्यापक होते. १८७१ सालीं निघालेल्या ग्रंथामुळें अर्थशास्त्रांत त्यांचें नांव अजून घेतलें जातें. परंतु त्याच वर्षीं ‘नेचर’ नियतकालिकांत त्यांनीं एक लहानसा लेख लिहिला, त्याचा अर्थशास्त्राशीं कांहीं संबंध नव्हता. काळ्या तबकाच्या मध्यभागीं त्यांनीं कागदाची एक पांढरी, बुटक्या कडांची डबी ठेविली, आणि घेवड्याचे काळे दाणे मुठींत घेऊन ते तिच्या रोखानें फेंकले. कांहीं डबींत पडले, कांहीं बाहेर. दाणे स्थिरावतांच, न मोजतां, आंत किती आहेत हें ते लिहून ठेवीत, आणि मग सावकाश मोजून खरा आंकडा शेजारीं मांडीत. असें त्यांनीं १०२७ वेळां केलें! तरुणपणीं सिडनीच्या टांकसाळींत सोन्याचा कस पाहिलेल्या मनुष्यालाच हा चिवटपणा साधावा.

तीन किंवा चार दाणे पडले असतां त्यांची एकदांही चूक झाली नाहीं. पांचापासून चुका सुरू झाल्या व पुढें वाढत गेल्या. सर विल्यम हॅमिल्टन या स्कॉटिश तत्त्वज्ञानें जमिनीवर गोट्या फेंकल्यास सहा-सात एकदम आकळतात असें म्हटलें होतें. तें आंकड्यांच्या कसोटीस लावण्याचें श्रेय जेव्हन्सचें.

मात्र एक प्रश्न तसाच राहिला. पांचवा दाणा डोळ्यांना दिसतच नाहीं, कीं दिसतो पण मनांत ठरत नाहीं? अमेरिकेंतील जॉर्ज स्पर्लिंग या संशोधकानें १९६० सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून याचा उलगडा होऊं लागला. बारा अक्षरें, चार-चारांच्या तीन ओळींत, सेकंदाच्या विसाव्या भागापुरतीं दाखविलीं जात. पाहणाऱ्यांना त्यांतील चार, फार तर पांच सांगतां येत. परंतु दिसलीं याहून पुष्कळ, सांगतां सांगतां विरून गेलीं, असें त्यांचें म्हणणें असे. असल्या तक्रारीकडे प्रयोग करणारे सहसा कानाडोळा करतात. स्पर्लिंगनें ती खरी मानली, हीच त्याची खरी बुद्धिमत्ता.

अक्षरें नाहींशीं झाल्यावर त्यानें एक स्वर वाजविला: उंच स्वर म्हणजे वरची ओळ, मधला म्हणजे मधली, खालचा म्हणजे खालची, आणि तेवढीच ओळ सांगण्यास सांगितलें. कोणता स्वर वाजेल हें आधीं ठाऊक नसूनही लोक विचारलेल्या ओळींतील चारांपैकीं सुमारें तीन अक्षरें सांगत. कोणतीही ओळ विचारली तरी तीन येतात, त्या अर्थीं त्या क्षणीं मनांत नऊच्या आसपास अक्षरें हजर असलीं पाहिजेत. स्वर वाजविण्यास एका सेकंदाचा विलंब केला, कीं हा सारा लाभ नाहींसा होई. पाण्यांत पडलेल्या प्रतिबिंबासारखें हें चित्र भरगच्च, पण क्षणजीवी. त्यांतून ओंजळीनें जेवढें उचलावें तेवढेंच पुढें मनाच्या कामीं येतें.

ही ओंजळ आणि तें प्रतिबिंब भिन्न आहेत, हें फिलिप्स यांनीं १९७४ मध्यें चौकटींच्या नक्षीवरून दाखविलें. एक नक्षी दाखवून क्षणार्धांत दुसरी त्याच जागीं दाखविली, तर बारीकसा फरकही ओळखूं येई. पण ती किंचित् बाजूला सरकविली कीं प्रतिबिंबाची मदत तुटे. मग उरे ती दुसरी स्मृति. ती कित्येक सेकंद टिकणारी, जागा बदलल्यानें न बिघडणारी, पण गुंतागुंतीच्या नक्षीपुढें हात टेंकणारी. त्याच वर्षीं बॅडली व हिच या इंग्रज मानसशास्त्रज्ञांनीं अशा स्मृतीला साठवणीच्या कोठारापेक्षां कामाच्या मेजाची उपमा शोभेल असें रूप दिलें. तेव्हांपासून ‘कार्यस्मृति’ हें नांव रूढ झालें, आणि डोळ्यांनीं पाहिलेल्याची ती दृक्-कार्यस्मृति.

श्रोत्यांनीं आतां अशी कल्पना करावी कीं, पडद्यावर कांहीं रंगीत चौकोन सेकंदाच्या दहाव्या भागापुरते झळकले. जवळजवळ एक सेकंद पडदा रिकामा. पुन्हां चौकोन आले; एखाद्याचा रंग बदलला का? अमेरिकेंत लक व व्होगेल यांनीं १९९७ मध्यें हा प्रयोग प्रसिद्ध केला. कोणीं रंगांचीं नांवें मनांत घोळवूं नयेत म्हणून कांहीं प्रयोगांत पाहणाऱ्यांना आंकडे ध्यानांत धरावयास लावीत. तीन चौकोनांपर्यंत उत्तरें जवळजवळ बिनचूक आलीं; चारांपुढें घसरण. शिवाय एकेका आकृतींत रंग, दिशा, लांबी असे चार-चार गुण असले तरी ओझें वाढलें नाहीं. यावरून मन गुण मोजीत नाहीं, वस्तु मोजतें, असा त्यांनीं निष्कर्ष काढला. त्याचा एक भाग, म्हणजे एकाच वस्तूंतले दोन रंग एका रंगाइतकेच सहज राहतात हा, इतरांच्या हातीं टिकला नाहीं.

पुढें वाद मोठा झाला. मनांत तीन-चार ठराविक कप्पे आहेत, पांचव्या वस्तूला जागाच नाहीं, हा एक पक्ष. त्याची बाजू झँग व लक यांनीं २००८ मध्यें मांडली. त्याच वर्षीं लंडनमध्यें बेझ व हुसेन यांनीं दाखविलें कीं, एकीच्या दोन वस्तु होतांच प्रत्येकीची आठवण अंधुक होऊं लागते. एकाच भांड्यांतील दूध अधिक पेल्यांत ओतावें, तशी ती वाटली जाते, ठराविक कप्प्यांत बसत नाहीं. पुढें वस्तूगणिक स्पष्टता कमीअधिक होते असें मानणारे तिसरे पक्षही उभे राहिले. कोणाचें म्हणणें खरें, याचा निकाल लागलेला नाहीं. जेव्हन्सचे चार दाणे आणि पडद्यावरचे चार चौकोन यांच्या मुळाशीं एकच मर्यादा आहे कीं दोन, याविषयींही विद्वानांत एकमत नाहीं.