अँड्रोमेडाचा वामन

जयंत नारळीकरांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीचं मूळ लंडनच्या टीव्हीवर आहे, असं माझं ठाम मत आहे.

3 ऑक्टोबर 1961 रोजी बीबीसीवर 'ए फॉर अँड्रोमेडा' ही सात भागांची मालिका सुरू झाली. ती बीबीसीचे जॉन एलियट आणि केंब्रिजचे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल या दोघांनी लिहिली होती. त्याच सुमारास हॉयल यांच्या हाताखाली कोल्हापुरात जन्मलेला एक तरुण संशोधन करत होता. ते म्हणजे नारळीकर. विज्ञानकथा लिहिण्याची प्रेरणा हॉयल यांच्याकडून मिळाली, हे त्यांनी स्वतःच सांगितलं आहे. एवढ्यावर सगळे थांबतात. नेमकी कोणती कथा कुठून आली, हे मात्र कुणी विचारत नाही.

मालिकेची गोष्ट अशी. रेडिओ दुर्बिणीला अँड्रोमेडाच्या दिशेकडून संदेश मिळतो. तो संदेश म्हणजे एक संगणक बांधण्याचा आराखडा असतो. माणसं तो संगणक बांधतात आणि मग संगणकच त्यांच्याकडून एक सजीव घडवून घेतो. तरुणीच्या रूपातला हा सजीव साकारला होता ज्युली ख्रिस्टीने. ज्ञान फुकट मिळालं म्हणून हरखलेली माणसं हळूहळू त्या ज्ञानाच्या ताब्यात जातात.

आता 'वामन' पाहा. खोल खोदकामात एक घन सापडतो. त्यात लुप्त झालेल्या प्रगत संस्कृतीचं ज्ञान साठवलेलं असतं. त्यावरून आधी 'गुरू' नावाचा संगणक बनतो, मग 'वामन' नावाचा यंत्रमानव, आणि मग संकट. आधी आराखडा, मग संगणक, मग कृत्रिम जीव, शेवटी माणसाच्या हातून निसटणारी सत्ता. चारही पायऱ्या त्याच, क्रमही तोच.

यावर पहिला आक्षेप स्टॅन्ली कुब्रिकच्या '2001: ए स्पेस ओडिसी' या 1968च्या चित्रपटाचा. तिथेही चंद्रावर पुरलेली काळी शिळा खणून काढली जाते. पण ती शिळा फक्त एक इशारा देते, काही बांधायला शिकवत नाही. दुसरा आक्षेप आयझॅक असिमोव्हच्या यंत्रमानवांचा. ते माणसाला जपण्याच्या नियमांनी बांधलेले असतात, आणि वामनाची सगळी भीती असा लगाम नसण्यातच आहे. तिसरा आक्षेप असा की मालिकेवर पुढे कादंबरीही निघाली होती, नारळीकरांनी तीच वाचली असेल. असेना. पडद्यावर पाहिली काय किंवा पुस्तकात वाचली काय, कूळ बदलत नाही.

मराठी विज्ञानकथेचे बाकीचे टप्पे सर्वपरिचित आहेत. ज्यूल व्हर्नची भाषांतरं झाली, श्री. बा. रानडे यांची 'तारेचे हास्य' आली, 1966 साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली, आणि तिच्या 1974च्या कथास्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने नारळीकरांची 'कृष्णविवर' पहिली आली.

मला खरा रस आहे तो एका बदलात. हॉयल यांचा आराखडा आकाशातून येतो, नारळीकरांचा जमिनीतून. हे का झालं? माझं उत्तर आमच्या बुलढाणा जिल्ह्यात आहे.

लोणारचं विवर सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आहे. 1823 साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. 1896 साली अमेरिकन भूवैज्ञानिक जी. के. गिल्बर्ट यांनी ॲरिझोनातल्या विवराची चर्चा करताना लोणारचा दाखला दिला, तो वाफेच्या स्फोटाचा नमुना म्हणून. ॲरिझोना आणि लोणार ही दोन्ही विवरं आघाताची निघाली. लोणारचा निर्णायक पुरावा सरोवराच्या तळाखाली भोकं पाडल्यावर हाती लागला आणि 1973 साली 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला. त्याच्या आदल्याच वर्षी नारळीकर भारतात परतले होते आणि पुढच्या वर्षी त्यांची पहिली विज्ञानकथा गाजली. आकाशातून आलेल्या गोष्टीचा अर्थ दख्खनच्या बेसाल्टमध्ये खणून काढावा लागतो, हे त्या वर्षांत खगोलशास्त्रज्ञांपुढे उघड मांडलेलं होतं.

इथली दंतकथाही तेच सांगते. लवणासुर जमिनीखालच्या गुहेत दडून बसला होता. विष्णू कोवळ्या तरुणाच्या रूपात आला आणि पायाच्या अंगठ्याने त्याने गुहेचं झाकण उडवलं. तोच लोणारच्या मंदिरातला दैत्यसूदन. वामनही विष्णूचंच रूप. तो लहान होऊन येतो, पायाने सगळं मोजतो आणि बळीला पाताळात धाडतो. पुरलेली शक्ती आणि ती हाताळणारं बालरूप, या दोन गोष्टी मराठी मनात आधीपासून जोडलेल्या होत्या. नारळीकरांनी ब्रिटिश कथानक घेतलं आणि ते या जोडीवर बसवलं.

1970च्या दशकात अमेरिकन प्रेक्षकाला ब्रिटिश विज्ञानमालिका पडद्यावर दिसल्या. तिथल्या स्थानिक वाहिन्यांनी 'डॉक्टर हू' विकत घेतली होती. महाराष्ट्रात दूरदर्शन आलं ते 2 ऑक्टोबर 1972 रोजी, तेही मुंबईत. मेहकर-लोणारच्या वाचकाला मात्र ती परंपरा पुस्तकातून मिळाली, तीही बदलून. हॉयल यांच्या मालिकेत धोका परक्या ताऱ्यावरचा आहे. नारळीकरांच्या कादंबरीत तो आपल्याच पूर्वसूरींनी मागे ठेवलेला आहे. मला ही दुरुस्ती मूळ कथेहून मोठी वाटते, कारण परक्यावर विश्वास ठेवू नका एवढाच धडा पहिली देते. आपल्याच ज्ञानाची जबाबदारी घ्यायला दुसरी शिकवते. सात भागांच्या त्या मालिकेचा आज एकच भाग पूर्ण उरला आहे, पण तिचा सगळ्यात सकस वंशज मराठीत अजून छापील आणि वाचता येण्याजोगा आहे.