बार्बोसाचं करिअर 1950 मध्ये संपलं का?

सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात मी एक वाक्य लिहिलं होतं: "16 जुलै 1950 च्या एका गोलने मोआसिर बार्बोसाचं करिअर संपवलं." वाक्य मला भारी आवडलं होतं. गाईडनी त्याखाली पेन्सिलने एवढंच लिहिलं, "मग ऑगस्टमध्ये तो काय करत होता?" उत्तर मला माहीत नव्हतं. आजची पोस्ट त्या प्रश्नाबद्दल आहे. तुम्ही पेट, नेट देऊन संशोधनाकडे वळणार असाल तर हा प्रश्न तुमच्याही कामाला येईल.

आधी प्रसंग थोडक्यात. बार्बोसा हा ब्राझीलचा कृष्णवर्णीय गोलरक्षक. 1950 चा वर्ल्डकप ब्राझीलमध्येच होता. त्या वर्षी नेहमीसारखी फायनल नव्हती. शेवटच्या चार संघांची साखळी होती. ब्राझीलने स्वीडनला 7-1 आणि स्पेनला 6-1 असं धुतलं होतं. उरुग्वेविरुद्ध नुसती बरोबरी पुरेशी होती. रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये तिकीट काढून आलेलेच 1,73,850 लोक होते. 47 व्या मिनिटाला फ्रियासाने ब्राझीलला आघाडी दिली, 66 व्या मिनिटाला स्कियाफिनोने बरोबरी साधली आणि 79 व्या मिनिटाला गिज्जाचा फटका बार्बोसा आणि जवळचा खांब यांच्या मधून आत गेला. उरुग्वे 2, ब्राझील 1.

आता एक छोटा प्रयोग करा. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे लिहा "तो गोल", उजवीकडे "करिअर".

उजवी बाजू आधी भरू. जन्म 1921, काम्पिनास. 1945 पासून रिओच्या वास्को द गामा क्लबमध्ये. 1948 मध्ये सांतियागोला दक्षिण अमेरिकेतल्या विजेत्या क्लबांची स्पर्धा झाली, ती वास्कोने जिंकली. तिथे डी स्टेफानो असलेल्या रिव्हर प्लेटविरुद्धचा निर्णायक सामना 0-0 सुटला, म्हणजे बार्बोसाने गोल होऊ दिला नाही. 1949 मध्ये ब्राझीलने दक्षिण अमेरिकेचं अजिंक्यपद मिळवलं तेव्हाही गोलमध्ये तोच होता.

मग येतो ऑगस्टचा प्रश्न. बार्बोसा वास्कोकडून खेळतच राहिला. 1950 च्या हंगामाचं रिओचं विजेतेपद वास्कोनेच पटकावलं, 1952 चंही. 1953 मध्ये त्याला राष्ट्रीय संघात परत बोलावलं गेलं आणि तो एक सामना खेळला. त्याच वर्षी क्लबच्या सामन्यात त्याचा पाय मोडला. 1954 चा वर्ल्डकप हुकला त्यामागे हे साधं वैद्यकीय कारणही आहे. 1958 च्या वास्कोच्या विजेत्या संघातही तो होता. खेळ थांबवला तो 1962 मध्ये, वयाच्या चाळिशीनंतर.

म्हणजे माझं आवडतं वाक्य सरळसरळ चूक होतं. त्या गोलनंतर हा माणूस बारा वर्षं व्यावसायिक फुटबॉल खेळला.

हे आपल्याला नवीन नाही खरं तर. सदाशिवरावभाऊ म्हटलं की आपल्याला फक्त पानिपत आठवतं. त्याच्या आदल्याच वर्षी उदगीरला निजामाचा पराभव केलेला तोच माणूस, हे परीक्षेपुरतं पाठ असतं. शेवट माहीत असला की आपण मागचं सगळं त्या शेवटाकडे वळवून वाचतो.

त्या गोलचंही तसंच झालंय. बरोबरीचा गोल कसा आला? गिज्जा उजव्या बाजूने धावला आणि त्याने चेंडू आत स्कियाफिनोकडे दिला. तेरा मिनिटांनी गिज्जा पुन्हा तिथूनच आला. बार्बोसाने तोच पास येणार असा अंदाज बांधला आणि खांबापासून अर्धं पाऊल सोडलं. गिज्जाने सरळ फटका मारला. त्या क्षणी हातात असलेल्या माहितीवर घेतलेला हा निर्णय होता. "घोडचूक" हे नाव त्याला निकालाने दिलं.

मग तुम्ही म्हणाल, त्याच्यावर अन्याय झालाच नाही का? झाला. उलट्या टोकाला जाऊ नका, ही दुसरी चूक मीही करणार होतो. उतारवयात बार्बोसा सांगायचा, की ब्राझीलमध्ये मोठ्यात मोठी शिक्षा तीस वर्षांची असते, आपण मात्र पन्नास वर्षं भोगतोय. 1993 मध्ये राष्ट्रीय संघाच्या सराव शिबिरात त्याला खेळाडूंना भेटू दिलं नाही. 2000 च्या एप्रिलमध्ये तो गेला. नोंदवहीतलं करिअर चालू राहिलं, पण माणसाचं नाव त्या एका दुपारी अडकलं. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्या वेगवेगळ्या साधनांतून कळतात. सामन्यांच्या नोंदी पहिली सांगतात, त्याच्या मुलाखती दुसरी. एकाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायचं नाही.

तिसरा थर आठवणींचा. गोलचे लाकडी खांब बार्बोसाला भेट मिळाले आणि त्याने ते जाळून त्यावर मांस भाजलं, ही गोष्ट तुम्हाला सगळीकडे सापडेल. मिनास जेराइस राज्यातल्या मुझांबिन्यो गावात मात्र तेच खांब जपून ठेवल्याचा दावा आहे. अशा गोष्टीचं काय करायचं? फेकायची नाही. "हे घडलं" असं लिहू नका. "लोकांना हे घडायला हवं होतं" हा तिचा पुरावा आहे. 1988 मध्ये जॉर्जे फुर्तादो आणि आना लुइझा आझेवेदो यांनी "बार्बोसा" नावाचा लघुपट केला. त्यात एक माणूस तो गोल थांबवायला भूतकाळात जातो. 38 वर्षांनंतरही देश त्याच खांबाजवळ उभा होता, हे त्यातून दिसतं.

आणि सगळ्यात नाजूक मुद्दा, वर्णाचा. बार्बोसासोबत दोष आला तो जुवेनाल आणि बिगोदे यांच्यावर. तिघेही कृष्णवर्णीय. पत्रकार मारियो फिल्यो यांनी ब्राझीलच्या फुटबॉलमधल्या कृष्णवर्णीयांवरच्या आपल्या पुस्तकाच्या 1964 च्या आवृत्तीत हे मांडलं. पुस्तक मोलाचंच आहे, पण 1990 च्या दशकात अभ्यासकांनी विचारलं की फिल्योंचं कथन आपण थेट पुरावा म्हणून का वापरतो? आणखी एक वाक्य तुम्हाला वारंवार भेटेल: "बार्बोसानंतर दीदापर्यंत ब्राझीलच्या गोलमध्ये कृष्णवर्णीय आलाच नाही." 1966 च्या वर्ल्डकपमध्ये पोर्तुगालविरुद्ध मांगा गोलमध्ये होता. "वर्ल्डकपचा पहिल्या पसंतीचा गोलरक्षक" असं नेमकं म्हटलं, तर 2006 च्या दीदापर्यंतचं अंतर खरंच मोठं आहे. भेदभावाचा मुद्दा यातून कमकुवत होत नाही, उलट पक्का होतो. सैल वाक्य व्हायवात एका उदाहरणाने पडतं आणि सोबत तुमचा खरा मुद्दाही पाडतं.

तर आज एवढंच करा. तुमच्या सिनॉप्सिसमधलं सगळ्यात लाडकं वाक्य काढा. त्यात "संपलं", "बदलून टाकलं", "पहिल्यांदाच" असा शब्द असेल तर त्याच्यापुढे पेन्सिलने लिहा: मग पुढच्या महिन्यात काय झालं? जमलं तर 1950 ची रिओची वर्तमानपत्रंही चाळा. ब्राझीलच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुनी वृत्तपत्रं ऑनलाइन मोफत ठेवली आहेत. पोर्तुगीज येत नसेल तरी संघांच्या याद्या वाचता येतात. त्यात जुलैनंतरही बार्बोसाचं नाव दिसेल.

माझं वाक्य आता असं आहे: "त्या गोलनंतर बार्बोसा बारा वर्षं खेळला. लोकांनी ती बारा वर्षं मोजली नाहीत." पहिल्याइतकं भारी नाही, पण गाईडनी यावेळी खाली काही लिहिलं नाही.