तळटीप : चार्वाकाचे तूप
* ‘कर्ज काढून तूप पिणारा’ ही लेखकाने दिलेली चार्वाकाची ओळख रूढ आहे, पण अन्यायाची आहे. १४व्या शतकातील माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त पहिल्या प्रकरणाच्या आरंभी एवढेच येते की जिवंत आहोत तोवर सुखाने जगावे, मरण कोणालाच चुकत नाही. कर्ज आणि तूप उगवतात ते त्याच प्रकरणाच्या शेवटी. जयंतभट्टाच्या त्याहून जुन्या ‘न्यायमंजरी’तही ते नाहीत. लोकायतांचे, म्हणजे चार्वाकमतवाद्यांचे, मूळ सूत्रग्रंथ हरवले. आज आपण त्यांना बहुतेक विरोधकांच्याच तोंडून ऐकतो. परलोकावरचा त्यांचा खरा सवाल श्राद्धाविषयी होता: इथे वाढलेले पान मेलेल्याला पोचत असेल, तर वाटसरूला शिदोरी कशाला बांधून द्यायची? घरीच त्याच्या नावाने पान वाढावे. एवढा रोखठोक प्रश्न विचारणाऱ्यांना निव्वळ चैनी म्हणणे संपादकाला पटत नाही.