अजिंठ्याची दर्शनबारी

सुरतेतील पांडेसऱ्याच्या रंगाई-छपाईच्या कारखान्यांत खानदेशातून आलेल्या असंख्य कुटुंबांचा निर्वाह चालतो. शेजारच्या उधना स्थानकावरून ही मंडळी तापीकाठच्या लोहमार्गाने गावी जातात. त्याच मार्गाने जळगाव गाठले, की अजिंठ्याची लेणी अवघ्या ६० किलोमीटरांच्या आसपास उरतात.

२८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास सैन्यातील जॉन स्मिथ हा अधिकारी वाघोरा नदीच्या वळणावरील ह्या लेण्यांत शिरला आणि दहाव्या लेण्यात आपले नाव व तारीख कोरून गेला. अर्वाचीन काळातील पहिला नामांकित प्रेक्षकच पहिला उपद्रवी ठरावा, हा दैवदुर्विलास! पुढे नकला करणाऱ्या चित्रकारांनी रंग उठून दिसावेत म्हणून रोगण चढविले. तेही कालांतराने पिवळे पडले.

प्रेक्षकाचे समाधान आणि चित्रांचे आयुष्य ह्यांचे येथे मुळातच वाकडे आहे. एके काळी दाराशी परावर्तक धरून सूर्याचा कवडसा आत सोडीत व भिंत क्षणभर उजळे. पण प्रखर प्रकाशाने रंग विटतात. गर्दीच्या श्वासोच्छ्वासाने हवेतील आर्द्रता वाढते आणि गिलाव्याला धोका पोहोचतो. म्हणून आता मंद दिवे, छायाचित्रणासाठी झगझगाटास मनाई, पादत्राणे बाहेर आणि चित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजक्याच लोकांना प्रवेश, असा नियम आहे. खाजगी वाहने फर्दापूरच्या तिठ्यावर थांबवून पुढचे सुमारे ४ किलोमीटर बसने नेतात. उत्सवात गाभाऱ्यापुढची रांग सांभाळणाऱ्या महाजनांस ह्यात नवल वाटणार नाही.

फ्रान्समध्ये लास्को येथील आदिम चित्रांची गुहा १९६३ मध्ये जनतेला बंदच करण्यात आली आणि १९८३ मध्ये शेजारी तिची प्रतिकृती खुली झाली. त्याच १९८३ मध्ये अजिंठ्याचा जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. अजिंठ्याच्या पायथ्याशीही १, २, १६ व १७ ह्या लेण्यांच्या प्रतिकृती उभारण्यात आल्या. परंतु शेकडो कोस तुडवून आलेल्याला मूळ पद्मपाणीच हवा असतो. सभामंडपातील तसबिरीला नमस्कार करून कोण परततो?

तेव्हा उरतो तो रांगेचा मार्ग, आणि त्यात खरी उणीव पूर्वसूचनेची. आतला उजेड मंद का, थोडक्यात बाहेर का काढतात, हे पायऱ्या चढण्यापूर्वीच कोणी समजावून सांगितले, तर निम्मी कुरकुर मिटेल. लेणी सोमवारी बंद असतात. हे ठाऊक नसलेले कुटुंब सुटी जोडून नेमके त्या दिवशी पोहोचते आणि फर्दापुराहूनच माघारी फिरते.